एक कोटी लोकांचं वचन

मागच्या पावसाळ्यात मी एका मुलाची मुलाखत घेतली. व्हिडिओ कॉलवर, पस्तीस मिनिटं. मुलगा जिंतूर तालुक्यातला, शिक्षण नांदेडला, आता पुण्यात तिघांत खोली करून राहणारा. मी त्याला डेटाबेसचा एक प्रश्न दिला. त्यानं स्क्रीनवर उत्तर लिहिलं. बरोबर होतं, आणि मी लिहिलं असतं त्यापेक्षा कमी ओळींत होतं. मग मी नेहमीचा पुढचा प्रश्न विचारला : हे असंच का केलं?

तिथे तो अडकला. वाक्य सुरू व्हायचं, अर्ध्यावर कर्ता बदलायचा, क्रियापद हाताला लागायचं नाही. त्याला काय म्हणायचंय ते मला त्याच्या आधी कळत होतं. तो मराठीत विचार करत होता आणि एकेक शब्द उचलून पलीकडे नेत होता, पुराच्या पाण्यातून घरातलं सामान हलवावं तसा. मला ते ओळखू आलं, कारण गंगाखेडहून पुण्याला आल्यावर पहिली दोन वर्षं मीही तेच केलं होतं.

मी म्हटलं, "मराठीत सांगितलंत तरी चालेल." कॉलवर चेन्नईचा माझा एक सहकारी होता, त्याला मी इंग्रजीत सांगणार होते. मुलगा दोन सेकंद गप्प राहिला. मग पुन्हा इंग्रजीतच बोलू लागला, आधीपेक्षा जास्त अडखळत. त्याला वाटलं असणार, हा सापळा आहे. मराठीत बोललो की गेलो.

शेवटी "थँक यू मॅडम" म्हणून त्यानं कॅमेरा बंद केला, पण कॉल तोडायचा राहिला. माइक चालूच. खोलीतल्या कुणाला तरी तो म्हणाला, "अरे, दोन्ही टेबलं आधीच जोडली असती तर लाखभर ओळी उगंच वाचाव्या लागल्या असत्या. म्हणून आधी गाळून घेतलं, मग जोडलं. एवढंच सांगायलो होतो, पण तोंडातून निघंनाच." मला हवं होतं ते सगळं उत्तर त्या दोन वाक्यांत होतं.

तरीही फॉर्मवर मी लिहिलं : तांत्रिक ज्ञान, उत्तम. संवादकौशल्य, साधारण. आमच्या कामात परदेशातल्या क्लायंटशी रोज बोलावं लागतं, तेव्हा 'साधारण'चा अर्थ काय होतो हे मला माहीत होतं. मुलाची निवड झाली नाही.

त्या रात्री मला एका डोळ्यांच्या डॉक्टरची आठवण झाली.

*

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये लोक घरोघरी डालगोना कॉफी घोटत होते, तेव्हा मी फोनवर एस्पेरांतो शिकत होते. ड्युओलिंगोवर हा कोर्स २०१५पासून आहे. सुरुवात निव्वळ गंमत म्हणून केली. नंतर गंमत राहिली नाही.

एस्पेरांतो ही एका माणसानं तयार केलेली भाषा. तो माणूस म्हणजे लुडविक झामेनहॉफ, जन्म १८५९, गाव बियालिस्तोक. आज ते पोलंडमध्ये आहे, तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. गावात पोलिश, रशियन, जर्मन आणि ज्यू राहत. चार समाज, चार भाषा, आणि एकमेकांविषयीचा संशय. ज्यू घरातल्या या मुलाच्या मनानं घेतलं की या वैराचं एक मोठं कारण भाषा आहे. पुढे तो डोळ्यांचा डॉक्टर झाला. १८८७ साली वॉर्सात त्यानं एक छोटं पुस्तक छापलं आणि लेखक म्हणून नाव घातलं 'डॉक्टर एस्पेरांतो', म्हणजे आशा बाळगणारा. पुढे तेच नाव भाषेला चिकटलं.

भाषा सोपी आहे, आणि ती सोपी असावी म्हणूनच केलेली आहे. नामाच्या शेवटी ओ, विशेषणाच्या शेवटी आ. क्रियापदाला वर्तमानात 'अस', भूतकाळात 'इस', भविष्यकाळात 'ओस'. मूळ व्याकरण सोळा नियमांचं, आणि नियमाला अपवाद नाहीत. 'बोना' म्हणजे चांगला, त्याला 'माल' जोडला की 'मालबोना', वाईट. 'साना' म्हणजे निरोगी. त्यावरून 'मालसाना' आजारी, 'मालसानुलो' आजारी माणूस आणि 'मालसानुलेयो' दवाखाना. ठोकळे जोडत जायचे. तीन महिन्यांत मी छोट्या गोष्टी वाचायला लागले. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं (पहिलीपासून ते राज्यानं २००० साली केलं), आणि बारावीला गेले तरी मला एक धड वाक्य न घाबरता बोलता येत नव्हतं.

पण मला धरून ठेवलं ते व्याकरणानं नाही. झामेनहॉफचं म्हणणं असं होतं की दोन माणसं भेटतात तेव्हा त्यांतल्या एकाच्या भाषेत बोलणं सुरू झालं की भेट बरोबरीची राहत नाही. एक जण आपल्या ओसरीवर बसलेला असतो, दुसरा उन्हातून चालत आलेला. एस्पेरांतो कुणाच्याच ओसरीवर नाही. ती बोलायची तर दोघांनाही घराबाहेर पडावं लागतं, सारखंच चालावं लागतं. बंगल्यातल्यालाही आणि पत्र्याच्या खोलीतल्यालाही.

*

मग ती इंग्रजीच्या जागी का आली नाही? येऊ शकेल का?

याचं उत्तर झामेनहॉफच्या त्या पहिल्याच पुस्तकात आहे. त्यात कूपनं छापलेली होती. वाचणाऱ्यानं सही करून पाठवायची. मजकूर साधारण असा, की एक कोटी लोकांनी जाहीरपणे असंच वचन दिल्याचं दिसून आलं, तर मीही ही भाषा शिकेन. १८८९ साली एस्पेरांतो येणाऱ्यांची पहिली नामावली निघाली, तिच्यात हजार नावं होती.

मला हे कूपन फार शहाणपणाचं वाटतं. भाषा चांगली असून भागत नाही हे झामेनहॉफला कळलं होतं. पलीकडे बोलणारं कुणीतरी लागतं. तुमच्या फोनवर व्हॉट्सअॅप का आहे? त्याहून चांगली अॅपं आहेत, तुम्ही एखादं टाकूनही पाहिलं असेल. चार दिवसांनी काढून टाकलं, कारण तिथे आई नव्हती, सोसायटीचा ग्रुप नव्हता, कॉलेजची टोळी नव्हती. सगळे तिथे आहेत म्हणून आपण तिथे, आणि आपण तिथे आहोत म्हणून सगळे. भाषेचं तसंच आहे. प्रत्येक जण म्हणतो, बाकीचे शिकले तर मीही शिकेन. सगळेच असं म्हणतात, आणि कूपन कोरं राहतं.

इंग्रजीला अशी कूपनं वाटावी लागली नाहीत. तिच्यामागे आधी आरमार होतं, मग कचेऱ्या आल्या, मग अमेरिका, विज्ञानाची नियतकालिकं आणि संगणक. आज जगात सुमारे दीडशे कोटी लोकांना थोडीफार इंग्रजी येते असा अंदाज सांगतात. एस्पेरांतो बोलणाऱ्यांचे मोठ्यात मोठे अंदाज वीस लाखांच्या आसपास थांबतात. गंगाखेडला माझ्या भावानं मुलीला इंग्रजी शाळेत घातलं तेव्हा तो म्हणाला, "मराठी शाळा चांगली आहे गं, पण गल्लीतलं एक पोरगं तिथं जात नाही." झामेनहॉफची एक कोटींची अट आमच्या गल्लीत पुरी झाली होती, फक्त दुसऱ्या भाषेसाठी.

*

तरीही एकदा एस्पेरांतोचं दार किलकिलं झालं होतं. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघ स्थापन झाला, आणि शाळांमधून एस्पेरांतो शिकवावी का यावर तिथे चर्चा सुरू झाली. ठराव मांडणाऱ्या देशांत चीन, जपान, इराण होते, आणि हिंदुस्थानचा प्रतिनिधीही होता. ही नावं बघा. ज्यांना युरोपच्या भाषा शिकाव्या लागत होत्या, तेच देश बरोबरीची भाषा मागत होते. राष्ट्रसंघाच्या सचिवालयाचा १९२२चा अहवाल भाषेला अनुकूल होता. खोडा घातला फ्रान्सनं. जगाच्या राजनैतिक व्यवहाराची भाषा तेव्हा फ्रेंच होती, आणि फ्रेंचांना दुसऱ्या भाषेची गरज वाटत नव्हती. ओसरीवर बसलेल्याला चालण्याचं महत्त्व पटत नाही. पुढे शंभर वर्षांत इंग्रजीनं त्यांनाच ओसरीवरून खाली उतरवलं, आणि आता तक्रार करण्याची पाळी त्यांची आहे.

बाकीचा इतिहास वाईट आहे. हिटलरनं आपल्या पुस्तकात एस्पेरांतोला ज्यूंचं हत्यार ठरवलं. स्टालिनच्या रशियात १९३७-३८मध्ये एस्पेरांतो बोलणारे पकडले गेले, अनेक मारले गेले. झामेनहॉफ १९१७ साली वारला हे एका अर्थी बरं झालं. त्याच्या मुलाला, अॅडमला, १९४०मध्ये वॉर्साजवळ गोळ्या घातल्या. झोफिया आणि लिडिया या दोन्ही मुली १९४२मध्ये त्रेब्लिंकाच्या छळछावणीत गेल्या. भाषा एक झाली की वैर कमी होईल असं मानणाऱ्या माणसाच्या घरातलं हे.

आणि त्याच काळातली दुसरी गोष्ट. झामेनहॉफच्या एकच वर्ष आधी, १८५८मध्ये, त्याच रशियन साम्राज्यात आणखी एक ज्यू मुलगा जन्मला, एलिएझर बेन येहुदा. त्यानंही अशक्य वाटणारं काम हाती घेतलं. हिब्रू तेव्हा प्रार्थनेत आणि पोथ्यांत होती, घरात कुणी बोलत नव्हतं. १८८१ साली तो पॅलेस्टाईनला गेला आणि मुलाशी हिब्रूखेरीज काही बोलायचं नाही असं ठरवलं. रोजच्या वापराचे कितीतरी शब्द त्यानं घडवले. आज लाखो लोक त्या भाषेत भाजी घेतात आणि भांडतात. म्हणजे घडवलेले शब्द जगत नाहीत, हे खरं नाही. आपण 'महापौर' म्हणतो तेव्हा तो सावरकरांनी घडवलेला शब्द आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. फरक एवढाच की हिब्रूला एक समाज मिळाला, जमीन मिळाली, पुढे राज्य आणि सैन्य मिळालं. एस्पेरांतो कुणाचीच नव्हती. तेच तिचं मोठेपण, आणि तिच्यासाठी कुणी उभं राहिलं नाही याचं कारणही तेच.

म्हणून विचाराल तर माझं उत्तर असं : घडवलेली भाषा इंग्रजीची जागा घेणार नाही. सोपी आहे म्हणून भाषा जिंकत नाही, आणि न्याय्य आहे म्हणून तर नाहीच.

*

पण इथे थांबलं तर फॉर्मवरच्या 'साधारण'ची जबाबदारी इतिहासावर ढकलून मी मोकळी होते. ते मला मान्य नाही. एस्पेरांतो हरली असेल, तिनं विचारलेला प्रश्न हरलेला नाही : चालायचं कुणी?

या चालण्याचा हिशेब मांडणारे लोक आहेत. फ्रांस्वा ग्रँ या स्विस अर्थतज्ज्ञानं २००५मध्ये एक अहवाल लिहिला. जग इंग्रजी शिकतं त्यामुळे एकट्या ब्रिटनचा दर वर्षी किमान १००० कोटी युरोंचा फायदा होतो, असा त्याचा अंदाज होता. तिथल्या मुलांना परकी भाषा शिकावी लागत नाही, तो वेळ दुसरीकडे जातो. शिवाय पुस्तकं, परीक्षा, शिक्षक यांचा धंदा. फिलिप व्हॅन पॅरिस हा बेल्जियन तत्त्वज्ञ आणखी पुढे जातो. त्याचं म्हणणं, इंग्रजीच राहू द्या, पण ज्यांना ती जन्मतः फुकट मिळाली त्यांनी बाकीच्यांच्या खर्चाचा वाटा उचलावा. मला हे पटतं. मात्र जिंतूरच्या मुलाचा खर्च लंडननं उचलावा असं म्हणत बसले, तर मी स्वतः काय उचलणार हा प्रश्न बाजूलाच राहतो.

इथे गुंता आहे. मी मराठीचा आग्रह धरला असता तर? कॉलवर चेन्नईचा सहकारी होता, त्याला एक अक्षर कळलं नसतं. हिंदी? त्याच्यावर अन्याय, आणि तो अन्याय त्याच्या प्रांतात पिढ्यांपासून लक्षात ठेवलेला आहे. १९६५ साली मद्रासमध्ये हिंदीविरोधात केवढं आंदोलन झालं. ज्या राजाजींनी १९३७मध्ये तिथल्या शाळांत हिंदी सक्तीची केली होती, तेच पुढे इंग्रजीची बाजू घेऊ लागले होते. युक्तिवाद झामेनहॉफचाच : हिंदी काहींच्या घरची आहे, इंग्रजी कुणाच्याच घरची नाही, म्हणजे ओझं सगळ्यांवर सारखं. खरंच, त्या सहकाऱ्याशी बोलताना मला तसंच वाटतं. तो कोइमतूरजवळच्या गावचा, मी गंगाखेडची. आम्ही दोघंही घरून निघून इंग्रजीपर्यंत चालत आलो. आमच्यापुरती इंग्रजी हीच एस्पेरांतो आहे.

पण ही बरोबरी आडवी आहे, प्रांताप्रांतांतली. उभी धरली की तुटते. पुण्यातल्या ज्या घरात आजोबांपासून इंग्रजी वर्तमानपत्र येतं, त्या घरातला मुलगा आणि जिंतूरचा मुलगा यांच्यामध्ये इंग्रजी मुळीच तटस्थ नाही. एकाची ती ओसरी आहे.

आणि लगेच दुसरी बाजूही दिसते. सावित्रीबाई फुल्यांच्या १८५४ सालच्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिकण्याचा आग्रह आहे. ज्यांना संस्कृतचं दार बंद होतं आणि ज्यांची बोली हसण्याचा विषय होती, त्यांना ही परकी भाषा मोकळं दार वाटली, कारण तिच्यावर गावातल्या कुणाची मालकी नव्हती. २०१० साली उत्तर प्रदेशातल्या बांका गावी दलितांनी इंग्रजी देवीच्या मंदिराची पायाभरणी केली. त्यांना इंग्रजीच्या अन्यायावर व्याख्यान देण्याचा अधिकार मला नाही. शिवाय 'आपली मराठी' तरी कुठे तटस्थ आहे? पुण्यात आल्यावर मी इंग्रजीच्या आधी मराठी बदलली. 'काय करायलीस' म्हटलं की मैत्रिणी हसायच्या, म्हणून 'काय करतेयस' म्हणायला शिकले. आता फोनवर आईशी बोलतानाही कधीकधी तेच तोंडात येतं, आणि ती क्षणभर थांबते.

एस्पेरांतोही सुटत नाही. तिचे बहुतेक शब्द युरोपातले, म्हणजे इटलीच्या माणसाला चार पावलं आणि जपानी माणसाला चार कोस. तिच्यात बाप म्हणजे 'पात्रो', आणि आई म्हणजे 'पात्रिनो' : बापाला स्त्रीचा प्रत्यय लावला की आई. जी भाषा सगळ्यांची म्हणून केली तिच्यातही आईला स्वतःचा शब्द मिळाला नाही. विनोबा भाव्यांनी १९६०च्या दशकात एस्पेरांतोचे धडे घेतले होते. आईच्या आठवणी पुन्हा पुन्हा सांगणाऱ्या त्या माणसाला 'पात्रिनो' शिकताना काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनात येतो.

म्हणजे भाषा तटस्थ असत नाही. मग बरोबरी येणार कुठून? मला एक उदाहरण आधार देतं. २८ ऑक्टोबर १९२८ रोजी डच राजवटीतल्या इंडोनेशियात तरुणांच्या परिषदेनं एक भाषा मानायची शपथ घेतली. सर्वांत मोठा समाज जावा बेटावरचा, त्याची भाषा जावानीज, समृद्ध साहित्याची. पण निवड झाली मलय भाषेची. ती बंदरांतून, बाजारांतून चालणारी होती आणि मातृभाषा म्हणून फार थोड्यांची होती. सर्वांत मोठ्या समाजातली माणसं आपल्या ओसरीवरून उठली. तिथे कुणी भाषा घडवली नाही. असलेल्या भाषांतली एक निवडताना ज्याच्याकडे जास्त होतं त्यानं जास्त चालायचं ठरवलं.

तुमच्यातला कुणीतरी आता म्हणेल, कशाला एवढा विचार? दोन-चार वर्षांत कानातलं यंत्र सगळं भाषांतर करून देईल. देईलही. पण त्या दिवशी भाषांतराची सोय होतीच. मीच होते. तरी तो मुलगा मराठीत बोलला नाही, कारण अडचण कळण्याची नव्हती. ऐकणारा आपली किंमत काय करेल, याची होती. यंत्र शब्द पोचवेल, ती भीती काढणार नाही.

*

दुसऱ्या आठवड्यात मी त्या मुलाबद्दल पुन्हा विचारणा केली. जागा भरली होती.

मग मी माझ्या सहकाऱ्याला सगळं सांगितलं, चालू राहिलेल्या माइकसकट. तो बराच वेळ काही बोलला नाही. नंतर म्हणाला, आमच्याकडच्या पोरांचंही हेच आहे, फक्त ती तमिळमध्ये अडकतात. आम्ही एक साधी गोष्ट केली. मुलाखतीच्या आदल्या दिवशी जो मेल जातो त्यात तीन ओळी घातल्या : तांत्रिक प्रश्नाचं स्पष्टीकरण तुम्हाला येणाऱ्या भाषेत द्या, बोलून किंवा लिहून, पॅनेलला ती भाषा येत नसेल तर आम्ही सोय करू, याचे गुण कापले जाणार नाहीत. आधीच लेखी सांगितलं की सापळा वाटत नाही. इंग्रजीची परीक्षा वेगळी घेतो, कारण क्लायंटशी बोलायला ती लागतेच, हे खोटं कशाला सांगा. पण ती कमी पडली तर 'सहा महिन्यांत शिकवता येईल' असा रकाना फॉर्मवर आहे, आणि शिकवायचं आमच्याकडे आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी जातात. तेवढं चालणं माझ्या वाट्याचं.

बाकीच्या टीम अजून जुनाच फॉर्म वापरतात. त्यांचं म्हणणं, सगळीकडे झालं तर आम्हीही करू. हे वाक्य मी ओळखते, ते कूपनावरचं आहे. आम्ही तिघं जण आहोत. एक कोटींची वाट न बघता सही केली.